सार्जंट यॉर्क : टेनेसीच्या डोंगरातला शेतकरी

मंडळी, नोव्हेंबर उजाडला की मुलांच्या शाळेतून व्हेटरन्स डेच्या कार्यक्रमाचे पत्रक घरी येते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले, म्हणून ही तारीख. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो सेलचा दिवस म्हणूनच जास्त ठाऊक असतो! पण त्या युद्धातला अमेरिकेचा सर्वांत गाजलेला शिपाई कोण, असे कुणी विचारले तर इथले जुने लोक एकच नाव घेत, ते म्हणजे सार्जंट अल्विन यॉर्क. गॅरी कूपरचा त्यांच्यावरचा जुना कृष्णधवल चित्रपट काहींनी पाहिलाही असेल. चित्रपटाच्या शेवटी लोकांनी भेट दिलेले टुमदार घर आणि शेत दिसते आणि पडदा पडतो. प्रत्यक्षात त्यापुढे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य बाकी होते. आणि ते शेत काही तसे फुकट भेट मिळाले नव्हते.

टेनेसी राज्याच्या उत्तर टोकाला, केंटकीच्या सीमेला लागून फेन्ट्रेस नावाची डोंगराळ काउंटी आहे. तिथे वुल्फ नदीच्या खोऱ्यात पॉल मॉल नावाचे छोटेसे गाव. तिथल्या एका दोन खोल्यांच्या लाकडी ओंडक्यांच्या घरात १३ डिसेंबर १८८७ रोजी अल्विनचा जन्म झाला. अकरा भावंडांतला हा तिसरा. वडील थोडी शेती आणि जोडीला लोहारकाम करायचे. घरात खाणारी तोंडे भरपूर आणि मक्याचे पीक जेमतेम, तेव्हा शिकार हा छंद नव्हता, जेवणाचा भाग होता. अल्विनची शाळा सगळी मिळून नऊ महिन्यांची. बंदूक मात्र लहानपणीच हातात आली. ठासणीच्या लांब नळीच्या बंदुकीने एकच गोळी मारायची आणि ती वाया घालवायची नाही, हे शिक्षण वडिलांकडून मिळाले. त्या भागात नेमबाजीच्या चुरशी होत. ओंडक्याआड टर्की पक्षी बांधून ठेवायचा आणि त्याने डोके वर काढले की तेवढेच टिपायचे. अल्विन त्यात पटाईत होता.

१९११ मध्ये वडील वारले. थोरले दोघे भाऊ लग्न होऊन वेगळे झाले होते, त्यामुळे आई आणि धाकट्या भावंडांचा भार याच्यावर पडला. शेती, लाकूडतोड, मजुरी, जे मिळेल ते तो करायचा. कष्टाला कमी नव्हता, पण शनिवार-रविवार आले की केंटकीच्या सीमेवरच्या दारूच्या गुत्त्यांत पडलेला असायचा. दारू, जुगार, मारामाऱ्या, सगळे होते. आई रात्री दिवा लावून वाट बघत बसायची. हे चित्र आपल्याला काही अनोळखी नाही.

मग १९१५ च्या सुमारास तो एकदम पालटला. एक जवळचा मित्र गुत्त्यातल्या भांडणात मारला गेला होता. गावात धर्मोपदेशकांची प्रवचने चालू होती. आई होती. आणि शेजारच्या विल्यम्स कुटुंबातली ग्रेसी होती, जिच्या घरच्यांना हा दारुडा जावई मुळीच नको होता. आपल्याकडे माळ घातली की माणूस दारू-मटण सोडतो, तसेच याचे झाले. दारू, पत्ते, मारामारी एका दिवसात सुटली ती कायमची. तो चर्चमध्ये भजनांचा मुख्य गायक झाला, रविवारी मुलांना बायबल शिकवू लागला. त्याच्या छोट्या पंथात बायबलचा शब्द अक्षरशः पाळायचा, आणि त्यात मनुष्यहत्या करू नये असे स्पष्ट लिहिलेले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सक्तीची लष्करभरती आली. गावचा पोस्टमास्तर, दुकानदार, अल्विनचा धर्मगुरू आणि भरतीची नोंद करणारा, असा सगळा एकच माणूस होता, रोझिअर पाइल. त्याच्याच मदतीने अल्विनने लिहून दिले की आपल्याला लढायचे नाही. अर्ज फेटाळला गेला. पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. पंथाला बायबलखेरीज स्वतःची वेगळी लिखित नियमावली नव्हती, त्यामुळे सरकार त्याला युद्धविरोधी पंथ मानायला तयार नव्हते. शेवटी नोव्हेंबर १९१७ मध्ये तो जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डन छावणीत हजर झाला.

तिथे एक विलक्षण गोष्ट घडली. लष्कर म्हटले की हुकूम आणि शिक्षा असे आपण समजतो. पण त्याचा कॅप्टन डॅनफर्थ आणि मेजर बक्स्टन यांनी या हट्टी शिपायाला कोठडीत टाकले नाही. बक्स्टन स्वतः बायबलचे जाणकार होते. त्यांनी त्याला समोर बसवून रात्री उशिरापर्यंत चर्चा केली. याने एक वचन सांगावे, त्यांनी दुसरे काढावे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातला पहारेकऱ्याचा उतारा त्यांनी वाचून दाखवला. शत्रू येताना दिसूनही जो लोकांना सावध करत नाही, त्याच्यावर मेलेल्यांच्या रक्ताचा दोष येतो, असा त्याचा आशय. अल्विन गोंधळला. त्यांनी त्याला रजा देऊन घरी पाठवले. घरी तो डोंगरावर एकटा गेला, रात्रभर प्रार्थना करत राहिला आणि खाली आला तो ठरवूनच. देव आपल्याला जायला सांगतो आहे आणि सुखरूप परत आणणार आहे, अशी त्याची खात्री पटली होती. ती कशी पटली हे तोच जाणे. पण त्यानंतर त्याने सैन्यात कधी कुरकूर केली नाही, आणि पुढे आयुष्यात लढाईच्या फुशारक्याही मारल्या नाहीत.

त्याची ८२ वी डिव्हिजन ऑल अमेरिकन म्हणून ओळखली जाई, कारण तेव्हाच्या अठ्ठेचाळीसही राज्यांतली मुले तिच्यात होती. त्यांतली बरीचशी आपल्यासारखीच बाहेरून आलेली. इटालियन, पोलिश, ग्रीक, आयरिश. काहींना इंग्रजी धड येत नव्हते. डोंगरातून आलेल्या अल्विनला त्यांची नावेही उच्चारता येत नसत, आणि त्यांना बंदूक धरता येत नाही म्हणून तो वैतागायचा. त्याच मुलांबरोबर तो फ्रान्सच्या आर्गोन जंगलात पोचला.

८ ऑक्टोबर १९१८ ची सकाळ. शातेल-शेहेरी गावाजवळ त्यांची पलटण टेकड्यांच्या मधल्या मोकळ्या दरीतून पुढे सरकत होती आणि दोन्ही बाजूंच्या जर्मन मशीनगन त्यांना कापून काढत होत्या. सार्जंट बर्नार्ड अर्लीच्या हाताखाली सतरा जणांची तुकडी वळसा घालून मागून पाठवली. कॉर्पोरल यॉर्क त्यांत होता. झाडीतून जाता जाता ही मंडळी थेट जर्मन मुख्यालयाच्या एका तुकडीवर जाऊन धडकली. ते लोक न्याहारी करत होते. त्यांनी हात वर केले. एवढ्यात वरच्या उतारावरच्या मशीनगन वळल्या आणि क्षणात सहा अमेरिकन मेले, तिघे जखमी झाले. त्यांत अर्लीही होता. आता नेतृत्व यॉर्ककडे आले.

पुढचे अर्धेअधिक त्याच्या लहानपणात घडून गेले होते, असे म्हटले तरी चालेल. मशीनगनच्या मागे बसलेल्या माणसाला नेम धरायला डोके वर काढावेच लागे, आणि डोके वर आले की यॉर्कची गोळी. सहा जर्मन संगिनी रोखून धावून आले, तेव्हा त्याने पिस्तुलाने आधी सर्वांत मागच्याला टिपले, मग त्याच्या पुढच्याला, म्हणजे पुढच्यांना मागचे पडलेले कळू नयेत. उडत्या पक्ष्यांच्या थव्यावर गावाकडे असाच नेम धरत. शेवटी फोल्मर नावाच्या जर्मन लेफ्टनंटने, ज्याला चांगले इंग्रजी येत होते, शरणागतीची तयारी दाखवली. यॉर्क आणि उरलेले सात जण कैद्यांची रांग घेऊन निघाले आणि वाटेत आणखी लोक शरण येत गेले. मोजणी झाली तेव्हा एकूण १३२ कैदी भरले, त्यांत चार अधिकारी. त्याच्या हातून वीस-पंचवीस माणसे मारली गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो परवानगी काढून त्याच जागी परत गेला. कुणी जखमी राहिले आहे का ते पाहायला. कुणी नव्हते. तिथे त्याने मेलेल्यांसाठी प्रार्थना केली, आपल्यांसाठी आणि जर्मनांसाठीही.

या पराक्रमाचे श्रेय एकट्याला मिळाले, ही सोबत्यांपैकी काहींची तक्रार राहिली. ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. इतर सातजण कैद्यांवर पहारा देत होते म्हणूनच यॉर्कला पाठीमागची काळजी नव्हती. जखमी अर्लीला त्याचे पदक मिळायला १९२९ साल उजाडले. पण लष्कराने साक्षी घेतल्या, जागा पाहिली आणि यॉर्कला मेडल ऑफ ऑनर दिले. फ्रान्सनेही गौरव केला. एप्रिल १९१९ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या खपाच्या साप्ताहिकात त्याची गोष्ट छापून आली आणि जहाज अमेरिकेला लागायच्या आत तो देशाचा लाडका झाला होता. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक, वॉल्डॉर्फ-अस्टोरियात मुक्काम, वॉशिंग्टनला संसदेत खासदार उभे राहून टाळ्या वाजवताहेत. त्याने मागितले काय, तर भुयारी रेल्वेतून एक फेरी! खास गाडी सोडून तीही दिली.

आणि मग पैसेवाले आले. नाटकवाले, सिनेमावाले, जाहिरातवाले. नुसते नाव द्यायचे, चेहरा द्यायचा, आयुष्यभर पुरेल एवढे पैसे घ्यायचे. खिशात दमडी नसलेल्या या माणसाने सगळ्यांना नकार दिला. गणवेशात जे केले ते विकायचे नाही, इतकेच त्याचे म्हणणे. तो घरी गेला आणि ७ जून १९१९ रोजी ग्रेसीशी लग्न केले. लग्न लावायला राज्याचे गव्हर्नर आले आणि हजारो माणसे डोंगरात लोटली.

इथून पुढे त्यांना एकेरी म्हणणे बरे वाटत नाही. पराक्रम सकाळच्या काही तासांचा होता. मला स्वतःला मोठे वाटतात ते नंतरचे यॉर्क.

नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने लोकवर्गणीतून त्यांना सुमारे चारशे एकर शेत द्यायचे जाहीर केले. वर्गणी पुरेशी जमलीच नाही. सुरुवातीची रक्कम भरली आणि उरलेले हप्ते यॉर्क यांच्या अंगावर आले. त्यात घर, अवजारे, जनावरे, सगळेच नव्याने घ्यायचे. १९२० नंतर शेतमालाचे भाव कोसळले. बँकेचे देणे थकले, आणि देशाच्या नायकाची जमीन जाणार अशी बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. पुन्हा वर्गणी झाली, कर्ज फिटले. पण आपली गरिबी चव्हाट्यावर आली हे त्यांच्या मनाला फार लागले. ज्याने कुणाकडे काही मागितले नव्हते त्याला सारा देश वर्गणी देत होता.

फ्रान्सहून ते एक गोष्ट मनात घेऊन आले होते. डोंगराच्या पलीकडचे जग पाहिल्यावर त्यांना कळले होते की आपल्याला काहीच येत नाही. आपल्या खोऱ्यातल्या मुलांची अशी गत होऊ नये. त्या काउंटीत तेव्हा धड रस्ते नव्हते, मग चांगली शाळा कुठली? यॉर्क गावोगाव व्याख्याने देत फिरले. लोक तिकिटे काढून येत ते आर्गोनची गोष्ट ऐकायला, आणि हे बोलत शाळेबद्दल. पैसे हवे तितके जमत नसत. तरी १९२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडून पन्नास हजार डॉलर मंजूर करून घेतले आणि जेम्सटाउन या काउंटीच्या मुख्य गावी शाळा उभी राहिली. शाळा कुठे बांधायची, कुणी चालवायची यावरून स्थानिक पुढाऱ्यांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. आपल्या मंडळांच्या कमिटीत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको! मुले खोऱ्याखोऱ्यांतून यायची, त्यांच्यासाठी बस हव्या होत्या. शिक्षकांचे पगार थकायचे. ज्या शेतासाठी दोनदा वर्गणी झाली ते शेत यॉर्क यांनी यासाठी गहाण टाकले. हिशेबाची शिस्त त्यांच्यात नव्हती, कारभारही मोकळाढाकळा. शेवटी १९३६ मध्ये त्यांना शाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले आणि पुढच्या वर्षी राज्याने शाळा पूर्णपणे ताब्यात घेतली. शाळा वाचली हे खरे, पण हा घाव त्यांनी शांतपणे सोसला असे म्हणवत नाही.

घरी ग्रेसी आणि मुले. काही मुलांची नावे त्यांनी राष्ट्राध्यक्षांची ठेवली, आणि एकाला मेजर बक्स्टन यांचे. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण, मागेल त्याला उधार. लढाईचा विषय मात्र ते मुलांजवळ काढत नसत.

जेसी लास्की नावाचे निर्माते १९१९ पासून त्यांच्यामागे लागले होते. वीस वर्षांनी यॉर्क यांनी होकार दिला. त्यांना आता बायबल शिकवणारी एक शाळा काढायची होती आणि पैसा नव्हता. युरोपात हिटलरचे सैन्य पसरत चालले होते. तिशीच्या दशकात, युद्धाने काही साधले नाही असे उघड म्हणणारे यॉर्क आता या वेळी अमेरिकेने मागे राहू नये असे बोलू लागले होते. अटी त्यांच्याच. आपली भूमिका गॅरी कूपरने करावी, आणि ग्रेसीची भूमिका सिगारेट ओढणाऱ्या नटीने करू नये. १९४१ च्या जुलैत चित्रपट आला, त्या वर्षीचा सर्वांत चाललेला ठरला आणि कूपरला ऑस्कर मिळाले. डिसेंबरात पर्ल हार्बर झाले.

१९४२ मध्ये, ५४ व्या वर्षी, यॉर्क यांनी भरतीसाठी पुन्हा नाव नोंदवले. वय आणि प्रकृती पाहून लष्कराने लढायला घेतले नाही. त्याऐवजी ते छावण्यांत बोलायला जात, युद्धरोख्यांसाठी फिरत. आणि फेन्ट्रेस काउंटीच्या भरती मंडळाचे ते अध्यक्ष होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने लढायचे नाही म्हणून लिहून दिले होते, त्याच्याच सहीने आता खोऱ्यातली पोरे जात होती. यात विसंगती आहे की नाही यावर वाद घालता येईल. त्यांनी १९१८ मध्ये डोंगरावर जो निर्णय घेतला होता तोच ते पुढे नेत होते, असे मला वाटते. पण तो निर्णय तेव्हाही सोपा नव्हता.

चित्रपटातून आलेले दीड लाखाच्या आसपास डॉलर शाळेत, नातेवाइकांत, गरजूंत वाटून गेले. करसल्लागार नाही, पावत्या नाहीत. आणि मग आले आयआरएस! हे उत्पन्न कोणत्या प्रकारात धरायचे यावरून वाद झाला. १९५१ मध्ये सरकारने सुमारे ८५ हजार डॉलरचा कर मागितला, आणि व्याज चढत चढत हा आकडा १ लाख ७२ हजारांवर गेला. यॉर्क यांच्याकडे जमीन, गुरे आणि पदके होती. १५ एप्रिलची धास्ती आपल्यालाही असते, पण ही पीडा त्यांना दहा वर्षे पुरली. मधेच १९५४ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला. मोठ्या चणीचा तो दणकट शेतकरी अंथरुणाला खिळला तो खिळलाच. पुढे दृष्टीही अधू झाली. ग्रेसी सेवा करत राहिली. अखेर १९६१ मध्ये संसदेचे सभापती सॅम रेबर्न यांनी पुढाकार घेतला, सरकारने २५ हजारांवर तडजोड केली आणि देशभरातल्या लोकांनी पाठवलेल्या पैशांतून ते भरले गेले. आयुष्यातली ही तिसरी वर्गणी.

त्यानंतर तीन वर्षे ते जगले. २ सप्टेंबर १९६४ रोजी नॅशव्हिलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय ७६. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आपला प्रतिनिधी म्हणून जनरल मॅथ्यू रिजवे यांना पाठवले. दुसऱ्या महायुद्धात याच ८२ व्या डिव्हिजनचे नेतृत्व रिजवे यांनी केले होते. पॉल मॉलच्या छोट्या चर्चमध्ये आणि वुल्फ रिव्हर स्मशानभूमीत हजारो लोक जमले, त्या गावात एवढी घरेही नाहीत. ग्रेसी त्यांच्यानंतर वीस वर्षे जगली. १९८४ मध्ये ती गेली आणि पतीशेजारीच तिला पुरले.

त्यांचे घर आणि शेत आता राज्याने ऐतिहासिक उद्यान म्हणून जपले आहे. नदीकाठची त्यांची पिठाची गिरणीही आहे. नॅशव्हिल किंवा नॉक्सव्हिलहून दोन-अडीच तासांची ड्राइव्ह. जेम्सटाउनहून यूएस १२७ हा रस्ता उत्तरेला धरायचा, घाट उतरला की खोरे लागते. स्मोकी माउंटन्सला जाताना एक दिवस हाताशी ठेवला तर मुलांना घेऊन जरूर जावे. जेम्सटाउनमधून जाताना त्यांची शाळाही दिसेल. तिला अजून त्यांचेच नाव आहे, आणि ती राज्य सरकारच चालवते.